गुन्हेगारीशास्त्र शिकावं, पण कितीला?

सेनगाव तालुक्यातली एक मुलगी बारावी कला शाखेतून चांगल्या गुणांनी पास झाली आहे. तिला गुन्हेगारीशास्त्राची पदवी घ्यायची आहे. पुण्याच्या एका खाजगी विद्यापीठाचं पत्रक घरात येऊन पडलंय. फी वर्षाला दीड लाख, अभ्यासक्रम तीन वर्षांचा, वसतिगृह आणि मेस वेगळी. घरी चार एकर जमीन, त्यातल्या दीड एकरात हळद. एवढे पैसे घालावेत का?

हा प्रश्न मी दोघांच्या तोंडी घातला आहे. मामा हे मुलीचे वडील. हिंगोलीच्या राज्य राखीव पोलीस बल गट क्रमांक १२ मधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ताई ही त्यांची भाची. एम.एस.डब्ल्यू. करून बाल संरक्षणाच्या कामात कंत्राटावर आहे. दोघंही रचलेले आहेत आणि फीचा आकडा अशा पत्रकांत असतो तसा धरला आहे. नियम आणि पगार मात्र सरकारी कागदांवरचेच आहेत, आणि हा वाद हिंगोली, वसमत, कळमनुरीत दर जून महिन्यात घरोघर चालतो.

मामा : मला एकच सांग. हे शिकून लेकरू लागतंय कुठं? मी तीस वर्षं खाकीत काढली. आमच्या ग्रुपमध्ये गुन्हेगारीशास्त्र शिकून आलेला एकही माणूस बघितला नाही. शिपायाला बारावी लागते. फौजदाराला कोणतीही पदवी चालते. मग हीच पदवी कशाला, अन् ती बी पुण्यातच कशाला?

ताई : मामा, नोकरीच्या आधी विषयाचं बोलू का?

मामा : विषयाचं मागून बोल. आधी हिशेब. तीन वर्षांची फी साडेचार लाख. राहणं-खाणं महिन्याला दहा हजार धर, वर्षाचे दहा महिने, म्हणजे तीन वर्षांचे तीन लाख. झाले साडेसात लाख. दीड लाख माझ्याजवळ आहेत. सहा लाख बँकेचं कर्ज काढायचं म्हणायलीस ना?

ताई : हो. शैक्षणिक कर्जाला शिक्षण चालू असताना हप्ता नसतो. त्यानंतरही एक वर्ष सवलत असते.

मामा : हप्ता नसतो, व्याज असतं की! दरसाल दोन लाख उचलले, व्याज दहा टक्के धरलं, तर हप्ता सुरू होईपर्यंत एक लाख ऐंशी हजार व्याजच चढतं. सहाचे पावणेआठ लाख होतात. दहा वर्षांत फेडायचे म्हटलं तर महिना दहा हजारांच्या वर हप्ता. अन् आपलं लेकरू शिपाई म्हणून लागलंच, तर मूळ वेतन किती? २१,७००. त्यावर महागाई भत्ता असतो, मान्य. पण ज्या नोकरीला बारावीच पुरते, तिच्या पगारातून दहा वर्षं एका पदवीचा हप्ता भरायचा?

मामांचा हा हिशेब मला बिनतोड वाटतो. पदवीची जाहिरात करणारे नेहमी पगाराचा आकडा सांगतात. त्याच्या शेजारी हप्त्याचा आकडा लिहिलेला मी पाहिलेला नाही. शेतकऱ्याच्या घरात मात्र हे दोन आकडे शेजारी ठेवावेच लागतात, कारण हळदीचा भाव कुणाच्या हातात नसतो. वसमतच्या बाजारात क्विंटलचा भाव एका वर्षात दुप्पट झालेलाही लोकांनी पाहिला आहे आणि पुन्हा खाली आलेलाही. बँकेचा हप्ता मात्र दरमहा तेवढाच असतो.

ताई : आकड्यांत तुमच्याशी माझा वाद नाही. उलट एक गोष्ट मीच वाढवते. २०२४ च्या जुलैत सरकारनं निर्णय काढला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. पण त्याच निर्णयात खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळली आहेत. हे पत्रक तसल्याच विद्यापीठाचं आहे.

मामा : म्हंजे जिथं फी माफ आहे तिथं हा विषय नाही, अन् जिथं विषय आहे तिथं माफी नाही.

ताई : या पत्रकापुरतं तरी तसंच. केंद्राच्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तीन टक्के व्याज सवलत मिळते, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर. पण तीही यादीतल्या संस्थांनाच आहे, सुरुवातीला देशभरातल्या ८६० होत्या. हे विद्यापीठ त्या यादीत आहे का ते आधी बघावं लागेल.

मामा : मग तू तिच्या बाजूनं का बोलायलीस?

ताई : कारण तिनं विषय निवडलाय तो हौसेनं नाही. तुम्ही हिंगोलीच्या कॅम्पात राहिलात ना?

मामा : उभी हयात.

ताई : इथं निजामाच्या फौजेची छावणी होती. मेडोज टेलर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये ठगांवर कादंबरी छापली, 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'. तिच्या प्रस्तावनेत त्यानं आपल्या हिंगोलीचं लिहिलंय. इथल्या छावणीच्या बाजारात हरीसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी होता. खुद्द टेलरनं त्याच्याशी व्यवहार केलेला. एकदा त्यानं मुंबईहून कापड आणायचा परवाना मागितला. परवाना मिळाला. मुंबईकडून एक कापडवाला माल घेऊन निघालाय हे त्याला आधीच ठाऊक होतं. वाटेत त्या कापडवाल्याला आणि त्याच्या माणसांना मारलं, माल त्याच परवान्यावर इथं आणला आणि छावणीत उघड विकला. पुढं पकडल्यावर त्यानं स्वतः सांगितलं, तेव्हा कुठं कळलं. टेलर म्हणतो, छावणीच्या बाजारातच खून व्हायचे आणि प्रेतं पहाऱ्यापासून काही अंतरावर पुरलेली असायची. ती खड्ड्यांतून काढताना तो स्वतः हजर होता.

मामा : इतकी वर्षं राहिलो, हे कुणी सांगितलं नाही.

ताई : पुढचं ऐका. ठगांचा बंदोबस्त झाला, लोकांचे जीव वाचले. पण त्या मोहिमेतून सरकारच्या डोक्यात एक कल्पना पक्की बसली, की गुन्हा रक्तात असतो, बापाकडून मुलाकडं येतो. १८७१ मध्ये इंग्रजांनी कायदाच केला आणि अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. रोज हजेरी, गाव सोडायला परवानगी, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. कायदा गेला १९५२ मध्ये. शिक्का गेला का? लक्ष्मण गायकवाड आपल्या लातूरकडचे. त्यांच्या 'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जन्मानं चोर ठरवलेल्या पोराचं आयुष्य त्यात आहे.

मामा : तपास आमच्याकडं नसायचा, आम्ही बंदोबस्ताला. पण डोळ्यांनी बघितलंय. गावात चोरी झाली की पहिली जीप पारध्यांच्या पालावर. कुणी विचारायचं नाही की का. तसाच रिवाज.

ताई : तेच विचारणं म्हणजे हा विषय. चोरी कुणी केली हे तपास सांगतो. पहिली जीप पालावरच का जाते, एकदा आत गेलेलं पोरगं पुन्हा का जातं, जामीन मंजूर होऊनही दोन हजार रुपयांसाठी माणूस तुरुंगात का राहतो, हे गुन्हेगारीशास्त्र विचारतं. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९९० मध्ये 'प्रयास' नावाचं काम सुरू केलं. त्यांचे समाजकार्यकर्ते तुरुंगांत आणि पोलीस ठाण्यांत जाऊन बसतात, कच्च्या कैद्यांना वकील मिळवून देतात, घराशी गाठ घालून देतात. या विषयाचा माणूस नेमका काय करतो ते तिथं दिसतं.

मामा जरा वेळ गप्प राहतील असं मी इथं धरतो, कारण पालावरच्या जीपची गोष्ट ज्यानं पाहिली त्याला ताईचा मुद्दा परका नाही. आपल्या जिल्ह्यात या विषयाला काम नाही असं कुणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. शेतकऱ्यानं विष घेतलं की पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं. व्हिसेरा मिठाच्या संपृक्त पाण्यात बरणीत ठेवतात, बरणीला कागद, त्यावर दोरा, दोऱ्याच्या गाठीवर लाखेचं सील. शिपाई ती बरणी घेऊन प्रयोगशाळेत जातो आणि मग सी.ए. रिपोर्टची, म्हणजे रासायनिक तपासणीच्या अहवालाची, वाट सुरू होते. तोवर मृत्यूचं कारण राखून ठेवलेलं. विधवा बाई हातात कागदांची पिशवी घेऊन तहसीलच्या पायऱ्यांवर बसलेली. मदत आहे एक लाख रुपये, २००५ च्या निर्णयापासून तेवढीच. कोणतं विष, हे रसायनतज्ज्ञ सांगेल. पण त्या घरावर सावकाराचं किती होतं, खरेदीखत करून जमीन कुणाच्या नावावर गेली, २०१४ च्या सावकारी कायद्यात जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करून ती परत मागता येते हे त्या बाईला कुणी सांगितलं का, हे विचारणारा माणूस सगळ्या फायलीत कुठंच नसतो.

मामा : पत्रकावर मात्र पांढरा कोट घालून दुर्बिणीत बघणारी पोरगी छापली आहे. हिला वाटतंय आपण बी तेच करणार.

ताई : ते सूक्ष्मदर्शक यंत्र, मामा. आणि तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. चित्र फॉरेन्सिकचं आहे, आत अभ्यासक्रम बी.ए.चा आहे. दोन्ही वेगळे. फॉरेन्सिक म्हणजे रक्त, ठसे, विष, हस्ताक्षर, मोबाइलमधला डेटा. त्याला बारावी विज्ञान लागतं. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरला, मुंबईला, नागपूरला सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. हिनं कला घेतली, तो दरवाजा हिच्यापुरता बंद.

मामा : अन् त्या दरवाजाला नोकऱ्या आहेत?

ताई : वाढताहेत. १ जुलै २०२४ ला नवीन फौजदारी कायदे लागू झाले. नागरिक सुरक्षा संहितेच्या १७६ कलमात आहे, की सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी गेलंच पाहिजे. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे सेनगावात खून झाला तरी तज्ज्ञ सेनगावात यायला हवा. नांदेडला प्रादेशिक प्रयोगशाळा आहे, फिरत्या व्हॅन सुरू झाल्यात. तिथल्या वैज्ञानिक सहायकाचं मूळ वेतन ३५,४०० पासून. पण ती भरती विज्ञानाच्या पदवीवर होते.

मामा : मग बी.ए. गुन्हेगारीशास्त्राला काय?

ताई : खरं सांगते. पोलीस भरतीत ही पदवी अट नाही. एमपीएससीतून फौजदार व्हायला कोणतीही पदवी. मूळ वेतन ३८,६००, शिपायापेक्षा बरंच वर, पण पदवी कोणतीही. सरकारी वकील व्हायचं तर एल.एल.बी. माझ्या कामात समाजकार्य किंवा कायदा लागतो. मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेत विधी-नि-परिवीक्षा अधिकाऱ्याला महिना २७,८०४ रुपये मानधन ठरलंय, समाजकार्यकर्त्याला १८,५३६. तेही कंत्राट.

मामा : अन् तरी तू ते करतीस.

ताई : करते. बालविवाह थांबवायला गेलं की मांडवात बाप अंगावर येतो, आणि दोन वर्षांनी तीच मुलगी कॉलेजच्या गणवेशात बसस्टँडवर भेटते. मला कामाचं काही वाईट वाटत नाही, मानधनाचं वाटतं. पण साडेसात लाख घालून मी इथं आले असते, तर हे काम मला परवडलं नसतं. पहिल्या बऱ्या पगाराला मी पळाले असते. मी नांदेडच्या विद्यापीठाखाली शिकले, काही हजारांत.

ताईच्या या शेवटच्या बोलण्यावर मला थांबावंसं वाटतं. गुन्हेगारीशास्त्र ज्या कामांसाठी माणूस घडवतं, ती कामं गरिबांची आहेत: सुटलेला कैदी, निरीक्षणगृहातलं पोर, मारहाण झालेली बाई. त्या कामाला पैसा कमी हे आपल्या समाजाचं लाजिरवाणं वास्तव आहे आणि ते बदलायला हवं. पण ते बदलेपर्यंत या विषयाची पदवी महाग असेल, तर ती घेतलेला माणूस कर्जामुळे नेमका त्याच कामापासून दूर जातो. म्हणून पैशाच्या बाबतीत मी मामांच्या बाजूचा आहे आणि विषयाच्या बाबतीत ताईच्या. या दोन्ही बाजू एकत्र चालू शकतात, फक्त क्रम बदलावा लागतो.

मामा : माझं म्हणणं ऐक. रामलीला मैदानाकडं पहाटे पोरं-पोरी पळायल्यात. हिनं बी पळावं. आठशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, पन्नास गुण. मग शंभर गुणांची लेखी. वर्दी चढली की विषय शिकायला उभं आयुष्य पडलंय.

ताई : पळावं की. पण फक्त भरतीवर बसवू नका. २०२४ च्या भरतीत सतरा हजारांवर जागा होत्या आणि अर्ज सतरा लाखांवर. एका जागेमागं शंभर. त्यात इंजिनिअर, एम.बी.ए. झालेली पोरंसुद्धा होती. मैदानी चांगली जाऊन एक-दोन गुणांनी राहिलेली किती लेकरं तुमच्या ओळखीची आहेत?

मामा : लई. वय संपेपर्यंत फॉर्म भरत राहतात. खुल्याला अठ्ठावीस, राखीवला तेहतीस. मग रसवंती टाक, नाहीतर पुण्यात सिक्युरिटीत जा.

ताई : म्हणून पदवी पाहिजेच, पण स्वस्त. हिंगोलीतच अनुदानित महाविद्यालयात बी.ए. करू द्या, समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र घेऊन. घरचा डबा, एसटीचा पास. सकाळी ग्राउंड. तीन वर्षांत दोन भरत्या निघाल्या तर दोन्ही देईल. शिपाई झाली तर पदवी पूर्ण करून फौजदाराची परीक्षा देता येते.

मामा : अन् हिचं गुन्हेगारीशास्त्र?

ताई : पदवीनंतर. तिथं हा विषय भारी पडतो, कारण तोवर तिला कळलेलं असेल तिला यातलं काय हवंय. टाटा संस्थेत समाजकार्याची एम.ए. गुन्हेगारी आणि न्याय या विषयात आहे. प्रवेश देशपातळीवरच्या परीक्षेतून होतो, अवघड आहे, पण त्या शिक्क्यावर देशभर काम मिळतं. नाहीतर तीन वर्षांची एल.एल.बी. त्यातही गुन्हेगारीशास्त्र शिकवतात आणि सनद मिळते. कोर्टाच्या आवारात उपाशी राहिलेला वकील असेल, पण सनद कुणी काढून घेत नाही. नोकरी लागलीच असेल तर इग्नूचा फौजदारी न्यायाचा पदव्युत्तर डिप्लोमा घरी बसून. शिकवायची आवड निघाली तर नेट परीक्षेत गुन्हेगारीशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. सागरच्या विद्यापीठात १९५९ पासून याचा विभाग आहे, आपल्या राज्यात मात्र शिकवायच्या जागा मोजक्या, हे तिला आत्ताच सांगायचं.

मामा : हे सगळं मला पटलं. तिला पटंल का? तिच्या दोन मैत्रिणी पुण्याला चालल्यात. हिंगोलीत राहणं म्हंजे मागं राहणं, असं तिचं म्हणणं.

ताई : ते म्हणणंही खोटं नाही, मामा. पुण्यात मुलगी जे बघते, बोलायला शिकते, एकटी फिरते, त्याची किंमत मी शून्य धरत नाही. मीही तिच्या वयात घराबाहेर पडायला तडफडत होते. बारावी झालेल्या पोरीला आपण भरतीचं मैदान दाखवतो नाहीतर स्थळ. तिला तिसरं काहीतरी दिसलं, हे मला मोलाचं वाटतं. तुम्ही नुसतं नाही म्हणालात तर ती विषयच सोडून देईल आणि पुढच्या वर्षी पाहुणे यायला लागतील.

मामा : स्थळाचं मी काढलेलं नाही. तिची आई काढती कधीमधी.

ताई : तेच सांगते. तुमचं 'नाही' पैशापुरतं आहे हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या. हप्त्याचा हिशेब मला मांडून दाखवलात तसा तिला वहीत मांडून दाखवा. तिला आकडे कळतात. आणि एकदा तिला घेऊन त्या विद्यापीठात जाऊन या.

मामा : जाऊन काय करू? मला विंग्रजीत फाडफाड बोलणारी माणसं समोर आली की सुचत नाही.

ताई : चारच गोष्टी विचारा, मराठीत. मागच्या तीन वर्षांत या विषयात किती मुलं पास झाली आणि त्यातली कोण कुठं लागली, नेमणूकपत्रं दाखवा. शिकवणारे पूर्ण वेळ किती, त्यांचं स्वतःचं शिक्षण याच विषयात आहे का. तुरुंगात, निरीक्षणगृहात, पोलीस ठाण्यात मुलांना किती आठवडे कामाला पाठवता, परवानगीची पत्रं आहेत का. आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फी किती वाढते, ते लेखी द्या. एखाद्या ठिकाणी या चारही गोष्टींची चोख उत्तरं मिळाली, तर मी माझं म्हणणं बदलायला तयार आहे. मग आपण कर्ज सहाऐवजी तीन लाखांवर कसं आणता येईल ते बघू. तिची आत्याही काही घालेल, माझ्याकडूनही थोडे घ्या.

मामा : तुझे नको. तुझंच कंत्राट दरसाल वाढतंय का नाही याचा घोर असतो तुझ्या आईला.

ताई : बरं, माझे नको. पण तिला विचारल्याशिवाय 'नाही' कळवू नका.

मामा : शनिवारच्या ट्रॅव्हल्सनं जातो तिला घेऊन. सोमवारी ऑफिस उघडंल.

ताई : जा. ते म्हणतील जागा संपत आल्यात, आजच दहा-पंधरा हजार भरून जागा राखून ठेवा. भरू नका. उत्तरं वहीत लिहून घ्या, तिच्याच हातानं, आणि परत या. बी.ए.चा फॉर्म मी इकडं हिंगोलीत भरून ठेवते, त्याची तारीख चुकायला नको.